कबुली दिली

"पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली."

हे वाक्य तुम्ही हजार वेळा वाचलं असेल. मी ते किती वेळा लिहिलं याचा हिशेब नाही. वीसेक वर्षं मुळशी तालुक्यातून बातम्या देतोय. पौड, पिरंगुट, भूगाव, माण, घोटावडे, तिकडे पार ताम्हिणीपर्यंत. चोरी असो, मारामारी असो, जमिनीच्या ताब्यावरून झालेला राडा असो, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हे वाक्य ठरलेलं. खाक्या म्हणजे नक्की काय दाखवलं हे आम्ही विचारत नाही, वाचकही विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

गंमत म्हणजे या कबुलीला कोर्टात कवडीची किंमत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगायचं, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम २३ मध्ये तेच आहे. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायची झाली तर आधी मॅजिस्ट्रेटने सांगावं लागतं, की बाबा रे, तुझ्यावर कसलंही बंधन नाही, आणि दिलीस तर तुझ्याच विरोधात जाईल. इंग्रजाला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं, की कोठडीतल्या कबुलीवर विसंबायचं नसतं. मलाही पत्रकारितेच्या डिप्लोमाला हे शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले, आणि पौडला येऊन पहिल्याच महिन्यात विसरलो.

आजची पोस्ट मोठी आहे आणि जरा आडवळणाने जाणार आहे, वसईवरून आणि नगर रोडवरच्या रामवाडीवरून. वेळ असेल तर वाचा.

जुलै २०१८ मध्ये मी इथेच एक पोस्ट टाकली होती. जुन्या मित्रांना आठवत असेल, बरीच शेअर झाली होती. केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या चार धर्मगुरूंवर गुन्हा दाखल झाला होता. एका विवाहितेने कन्फेशनमध्ये सांगितलेली गोष्ट वापरून तिला ब्लॅकमेल केलं, तिचं शोषण केलं, असा आरोप होता. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रेखा शर्मा यांनी तर कन्फेशनची प्रथाच बंद करा अशी शिफारस केंद्राला केली. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी जाहीर निषेध केला. मी आयोगाच्या बाजूने लिहिलं. पाप करा, फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी, सोमवारपासून पुन्हा सुरू. "पापाचं ड्रायक्लीनिंग" असा शब्दही वापरला होता. त्यावर हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला.

त्याच रात्री वसईहून फोन आला. डिप्लोमाच्या वर्गातला मित्र. वर्गात तो एकटाच ख्रिस्ती होता, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध मराठी त्याचं. (मराठी कॅथलिक म्हटलं की अजूनही लोक "म्हणजे गोव्याचे का?" असं विचारतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा कुठे काहींना कळलं की वसईत हे लोक शेकडो वर्षं मराठीतच प्रार्थना करतायत.) मला वाटलं आता हा चिडणार. चिडला नाही. आधी दुरुस्ती केली, की केरळचं ते चर्च कॅथलिक नाही, वेगळं आहे. मग म्हणाला, "आमच्याकडे फादरने कन्फेशनमधलं बाहेर सांगितलं तर तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, आणि ते उठवणं रोमच्या हातात असतं. तुम्ही पत्रकार सोर्सचं नाव सांगत नाही म्हणून छाती फुगवता ना, त्याच्या दसपट कडक."

आणि शेवटी म्हणाला, "तू आयुष्यात एकदा तरी तुझी चूक जिवंत माणसासमोर, मोठ्याने, किती वेळा केली ते मोजून सांगितलीयस का? सांगून बघ. मग ड्रायक्लीनिंग म्हण."

मी हसून विषय बदलला.

नंतर मात्र हा विषय आमच्यात अधूनमधून निघत राहिला. त्याच्याकडून जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो. कॅथलिक शिकवणीत सगळी पापं एका मापाची नसतात. एक गंभीर पाप, ज्याने देवाशी नातंच तुटतं. ते वर्षातून एकदा तरी कबूल केलंच पाहिजे, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेपासून आहे. दुसरं किरकोळ, रोजच्या जगण्यातलं. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकदम लागतात. बाब गंभीर हवी. ती चुकीची आहे हे करणाऱ्याला नीट माहीत हवं. आणि त्याने ती स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. अजाणता झालं, कुणी जबरदस्तीने करायला लावलं, भीतीने हातपाय गळाले, तर दोष कमी होतो.

मला हे एकदम वकिली वाटलं. पण आपल्या तालुक्यात बसून विचार केला तर फार उपयोगाचं आहे. मुळशीत जमिनीने काय केलं ते "मुळशी पॅटर्न" आल्यापासून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. कुणाच्या सातबाऱ्यावर कुणाची नावं चढली, कुठल्या म्हातारीचा अंगठा कशावर घेतला. अंगठा घेणारा, कागद करणारा, साक्षीदार म्हणून सही ठोकणारा, आणि हे सगळं माहीत असून गप्प बसलेला, यातल्या प्रत्येकाला ते तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. आपण मात्र सगळ्यांना एकच वाक्य लावतो, "सिस्टिमच तशी आहे."

माझा मोठा आक्षेप होता शिक्षेवर. कबुली दिल्यावर फादर म्हणे प्रायश्चित्त म्हणून बऱ्याचदा चार प्रार्थना म्हणायला सांगतात. बस? मित्र म्हणाला, तो अर्धाच भाग. चोरलेलं परत करावं लागतं. कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव परत उजळ करावं लागतं. त्यांच्या धर्मशिकवणीचा अधिकृत ग्रंथ आहे, कॅटेकिझम, सध्याचा १९९२ चा. त्यातला २४८७ क्रमांकाचा परिच्छेद त्याने मला पाठवला. त्याचा आशय असा, की न्याय आणि सत्याविरुद्ध केलेल्या प्रत्येक अपराधाची भरपाई करणं हे कर्तव्य आहे, करणाऱ्याला माफी मिळालेली असली तरीही. उघडपणे शक्य नसेल तर गुपचूप करा, पण करा.

आमच्याकडे एकाच्या वाट्याची जमीन खाऊन दुसऱ्या गावच्या देवळाला कळस देणारे लोक आहेत. कळसावर नाव कोरलेलं असतं. ते वाचताना मला हा परिच्छेद आठवतो. आणि मग दुसऱ्याकडे दाखवलेलं बोट फिरून माझ्याकडे येतं.

आता माझं सांगतो.

२००९. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. तीन पोरं पकडली. प्रेसनोट आली, फोटो आला. मागे पोलीस ओळीने उभे, पुढे तिघे उकिडवे बसलेले, चेहरे उघडे. मी पुण्यातल्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. प्रेसनोट जशीच्या तशी घेतली. तिघांची नावं, वय, वाडीचं नाव. आणि ते वाक्य. "पोलिसी खाक्या दाखवताच" हे माझ्या पदरचं, प्रेसनोटमध्ये नव्हतं. पानावर चार कॉलम लागली. त्या दिवशी मी खूश होतो.

२०१३ मध्ये तिघांपैकी सगळ्यात लहान पोरगा निर्दोष सुटला. त्याचा चोरीशी संबंधच नव्हता, दुसऱ्या दोघांबरोबर टपरीवर बसला होता म्हणून उचललेला. त्याचे वडील माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घडी करून आणलेली. म्हणाले, "साहेब, तवा तुम्हीच छापलं व्हतं. आता ह्ये बी छापा. पोराचं लगीन जमंना."

मी पिशवी घेतली. "बघतो काका."

त्या आठवड्यात दसरा पुरवणी होती. वार्ताहराचं पोट बातमीवर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी जाहिराती गोळा करत फिरत होतो. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. ज्या अधिकाऱ्याने तो तपास केला होता तो मला रोज बातम्या द्यायचा. निर्दोष सुटल्याची बातमी लावली असती तर ती त्याच्याविरुद्धची बातमी झाली असती. मी नक्कल पूर्ण वाचली होती. पोरगा निर्दोष आहे हे मला नीट माहीत होतं. कुणी मला छापू नको असं सांगितलं नव्हतं. पिशवी टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

काका पुन्हा आले. पुन्हा "बघतो." तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. बाहेरच्या टपरीवर माझ्याशेजारी बसून चहा प्यायले, माझ्याही चहाचे पैसे दिले आणि एसटीने गेले. परत आले नाहीत.

२००९ ची बातमी ही चूक होती. आळस, सवय, काय म्हणायचं ते म्हणा. पण २०१३ ला ते तिन्ही प्रश्न माझ्यावर बरोबर बसतात. हे मला कळायला दहा वर्षं आणि एक रस्ता रुंदीकरण लागलं. आमचं जुनं ऑफिस त्या रुंदीकरणात गेलं. सामान हलवताना खण उपसला आणि पिशवी हातात आली.

त्यानंतर झोपेचं खोबरं झालं. रात्री तीनला जाग यायची. मनातल्या मनात काकांशी बोलायचो, त्यांना पटवायचो, मग स्वतःलाच शिव्या द्यायचो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही काय एकटेच आहात का असं करणारे?" खरंच होतं ते. म्हणूनच उपयोग झाला नाही.

वसईकराला फोन केला. तो म्हणाला, मला नको सांगूस, मी तुझा मित्र आहे, तुझीच बाजू घेईन. त्याच्या ओळखीने मार्च २०२४ मध्ये रामवाडीला पेपल सेमिनरीत गेलो. धर्मगुरू घडवणारी ही संस्था १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. नगर रोडच्या त्या गोंगाटात आत एवढी झाडं असतील असं वाटत नाही. तिथे एका वयस्कर फादरना भेटलो. जेझुइट, मराठी उत्तम. त्यांनी आधीच स्पष्ट केलं, "तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे हा संस्कार मी तुम्हाला देऊ शकत नाही, पापमुक्ती तर नाहीच. ऐकू मात्र शकतो. आणि ऐकलेलं इथेच राहील."

मी सांगायला सुरुवात केली आणि माझ्यातला बातमीदार जागा झाला. पार्श्वभूमी, वृत्तपत्रांची अर्थव्यवस्था, ग्रामीण वार्ताहरांची स्थिती. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

"एका माणसाची बातमी छापायची राहून गेली."

"राहून गेली की छापली नाहीत?"

"छापली नाही."

"किती वेळा?"

मी म्हणालो, एकदाच की. मग थांबलो. काका तीनदा आले होते.

"तीन वेळा."

त्यांच्याकडे गंभीर पाप सांगताना प्रकार आणि संख्या दोन्ही सांगावी लागते, हे मला मित्राने सांगितलेलं होतं आणि मी त्याला कारकुनी म्हणालो होतो. त्या खुर्चीत बसून "तीन वेळा" म्हणताना घसा सुकला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कबुल्या छापणाऱ्या माणसाला स्वतःची तीन शब्दांची बातमी देता येत नव्हती.

मग मी त्यांना रात्रीच्या जागरणाचं सांगितलं. त्यावर त्यांनी त्यांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस यांची गोष्ट सांगितली. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी हा माणूस आपली जुनी पापं पुन्हा पुन्हा आठवून कबूल करायचा, तरी समाधान नाही, काहीतरी सांगायचं राहिलंच असं वाटायचं. जीव द्यायचे विचार येण्यापर्यंत गेलं. शेवटी त्याने जुनं उकरणं बंद करायचं ठरवलं तेव्हा सुटला. या त्रासाला त्यांच्याकडे जो शब्द आहे त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत जातो तसला. फादर म्हणाले, काही लोकांच्या मनात नुसता खडा असतो, त्यांना आम्ही सांगतो, झालं, आता पुन्हा सांगायला येऊ नका. "तुमचं तसं नाही. तुम्ही कुणाचं तरी देणं लागता. झोप न येणं म्हणजे भरपाई नव्हे."

मी म्हणालो, मी फेसबुकवर सगळं लिहून टाकतो, जाहीर माफी मागतो. ते हसले. "त्याला विचारलंत?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. खरंच नव्हता. मी पोस्टची सुरुवातही मनात लिहून ठेवली होती.

निघताना मीही त्यांना सोडलं नाही. गोव्यात याच धर्माच्या न्यायासनाने १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर, लोकांकडून कोठडीत कबुल्या काढल्या, त्याचं काय? ते म्हणाले, ती कबुली आणि ही कबुली यांना एकच शब्द वापरावा लागतो याची मला लाज वाटते. दुसरं विचारलं, उद्या कुणी येऊन लहान मुलावर अत्याचार केल्याचं कन्फेशनमध्ये सांगितलं तर? आपल्याकडे पॉक्सोचं कलम १९ म्हणतं, माहिती असणाऱ्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. ऑस्ट्रेलियात तर २०१७ मध्ये शाही आयोगाने स्पष्ट शिफारस केली की कन्फेशनलाही यात सूट नको. फादर म्हणाले, पोलिसांकडे जा म्हणून मी त्याच्या मागे लागेन, पण स्वतः सांगू शकणार नाही. हे मला पटलं नाही. आजही पटत नाही. त्या मुलाची बाजू त्या खोलीत कुणी घेत नाही. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, एवढं नोंदवतो.

त्या मुलाला शोधायला तीन आठवडे लागले. आता मुलगा कसला, चाळिशीकडे झुकलाय. कुठे राहतो, काय करतो ते लिहीत नाही. काका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. हे मला त्याच्या दारात उभं असताना कळलं.

मी सांगितलं मी कोण. तो म्हणाला, "ओळखलं." आत बोलावलं, पाणी दिलं. मी जे सांगायचं ते सांगितलं, "राहून गेलं" न म्हणता. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग मी म्हणालो, आता बातमी लावतो, जाहीर लिहितो, तुम्ही म्हणाल तसं.

"आता नका छापू," तो म्हणाला. "बायकोला माहीत आहे. पोरांना नाही. आता छापून त्यांना कशाला सांगता?"

म्हणजे भरपाईचा मोठा दरवाजा मीच दहा वर्षांपूर्वी बंद करून बसलो होतो. २०१३ मध्ये चार ओळींत झालं असतं.

पण त्याने एक काम सांगितलं. २००९ ची बातमी त्या दैनिकाच्या जुन्या वेबसाइटवर अजून होती. त्याचं नाव आणि वाडी टाकली की पहिली तीच यायची, फोटोसकट. दोनदा कंपनीत लागता लागता राहिलं, तो म्हणाला. कारण कुणी सांगितलं नाही. पुट्टस्वामी निकालात २०१७ ला सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला वगैरे मी त्याला सांगायला लागलो होतो, मग गप्प बसलो. ते काढून आणणं माझं काम होतं, त्याने कोर्टात जाणं नव्हे. दैनिकातले सगळे बदललेले. वेबसाइट सांभाळणारा तिसराच. मेल, फोन, निकालाच्या नकलेचे फोटो, दोन वेळा पुण्याला हेलपाटा. अडीच महिन्यांनी पान निघालं. आणखी काही दिवसांनी सर्चमधूनही गेलं. त्याला फोन करून सांगितलं. "बघितलं," म्हणाला.

दुसरं त्याने मागितलं ते मला अपेक्षित नव्हतं. "बाबांनी तुम्हाला दिलेली ती नक्कल आहे का हो? घरातली कुठे गेली सापडत नाही. त्या पिशवीत ते कायम बरोबर घेऊन फिरायचे."

होती. त्याच पिशवीत होती. नेऊन दिली. त्याने पानं मोजली, शिक्का बघितला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

आमच्या तालुक्यातले नवे पोर्टलवाले, व्हॉट्सॲप ग्रुपवाले मित्र हे वाचत असतील. कालच एका ग्रुपवर दोन पोरांचा उघडा चेहरा आणि "कबुली दिली" बघितलं. मी ॲडमिनला फोन केलाय, तो म्हणाला, "बघतो."

ही पोस्ट टाकायच्या आधी त्या माणसाला वाचायला पाठवली होती. दोन ओळी काढा म्हणाला. काढल्या.